पुढच्यांचं बिल माझ्यात धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सणाच्या हंगामापुरतं सुपरमार्केटच्या बिलिंग काउंटरवर काम मिळालंय, आठवड्याने रुजू व्हायचंय, आणि ज्यांनी हे काम आधी केलंय ते सगळे सांगताहेत की या दिवसांत माणसांचं सगळ्यात वाईट रूप बघायला मिळतं. खरंच तसं आहे का? काही चांगलंही दिसतं का? आणि रांगेतून कुणी दुसऱ्याचं बिल भरायला पुढे आलंच, तर काउंटरवरच्या माणसाने काय करायचं?

मी या कामात एकवीस वर्षं आहे. पहिली नऊ गल्ल्यावर गेली, मग काही वर्षं मागच्या बाजूला माल उतरवून घेण्यात, आणि आता नव्या मुलामुलींना काउंटर शिकवते. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

वाईट रूप दिसतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. शेवटचं खोकं कुणी आधी उचललं यावरून दोन चांगली शिकलेली माणसं ट्रॉलीला ट्रॉली भिडवून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पण एक गोष्ट कळायला मला फार वर्षं लागली. काउंटरवर वसकन अंगावर येणारा आणि नंतर अनोळखी बाईंचं जड खोकं गाडीपर्यंत नेऊन देणारा, हे बरेचदा एकच गृहस्थ असतात. मधे फक्त वीस मिनिटं गेलेली असतात आणि त्यांचं बिल झालेलं असतं.

मानसशास्त्रात यावर एक प्रयोग आहे, तो मी शिकवताना नेहमी सांगते. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी तो 1973 साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या 40 विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायला सांगितलं. त्यातल्या काहींच्या भाषणाचा विषयच मुळी रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हा होता. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला असेल अशी व्यवस्था केली होती. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी 63 टक्के थांबले. जेमतेम वेळेत पोहोचाल असं सांगितलेल्यांपैकी 45 टक्के. आणि ज्यांना उशीर झालाय म्हणून घाई करायला लावली, त्यांच्यापैकी 10 टक्के. भाषणाचा विषय कुठला होता याने फारसा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेली माणसंसुद्धा घाईत परोपकार चुकवून पुढे गेली.

सणाच्या आदल्या संध्याकाळी तुमच्यासमोर जी रांग असते, ती सगळी या तिसऱ्या गटातली असते. घाई तुम्ही घालवू शकत नाही, पण थोडी सैल करता येते. मी एवढंच करते: मान वर करून चौथ्या-पाचव्या माणसाला खरा वेळ सांगते. "तुमचा नंबर यायला दहाएक मिनिटं लागतील, काही घ्यायचं राहिलं असेल तर आणा." वेळ तेवढाच लागतो, पण किती लागणार ते कळलं की माणूस घड्याळ बघायचं सोडून आजूबाजूला बघायला लागतो. आणि मग त्याला मागे कडेवर मूल घेऊन उभी असलेली बाई दिसते, एकच वस्तू घेऊन अवघडून उभे असलेले आजोबा दिसतात. "तुम्ही व्हा पुढे" हे वाक्य मी दर हंगामात ऐकते, आणि ते बहुतेक वेळा रांगेला वेळ सांगितल्यानंतर ऐकते.

इथे एक बारीक गंमत आहे. रांगेतला माणूस आपल्या लगेच मागच्याला पुढे सोडतो, तेव्हा तो स्वतःचा वेळ देतो. पण तो बाजूने आलेल्या तिसऱ्याच कुणाला आत घेतो, तेव्हा त्याच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांचाही वेळ वाटून टाकतो, त्यांना न विचारता. भांडण पेटतं ते इथे. अशा वेळी काउंटरवरून तुम्ही मागच्या दोघा-तिघांना नुसतं विचारायचं, "यांचं एकच आहे, घेऊ का?" विचारलं की लोक हो म्हणतात. गृहीत धरलं की उसळतात.

आता पैशांकडे येते, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे.

कुणाचे पैसे कमी पडणार आहेत हे एकूण आकडा येण्याच्या खूप आधी कळतं. ज्याला चिंता नसते तो स्कॅनिंग चालू असताना फोन बघतो. ज्याला असते तो प्रत्येक बीपला पडद्याकडे बघतो. मनातल्या मनात बेरीज चाललेली असते, आणि मधेच कुठेतरी त्याचा हात शेवटच्या दोन वस्तूंवर जाऊन थांबतो. मग वस्तू बाजूला काढण्याचा एक क्रम असतो. आधी स्वतःसाठी घेतलेलं जातं. मग घरासाठीचं. मुलाच्या हातात असलेलं अगदी शेवटी, आणि तेही त्याच्या हातातून न घेता, "आपण नंतर घेऊ हं" असं म्हणत. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की क्रम चुकला तरच नवल वाटतं.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. एक ताई, बरोबर सहा-सात वर्षांचा मुलगा. आकडा आला, त्यांनी दोन वस्तू बाजूला केल्या. झालेल्या बिलातून वस्तू काढायची तर आमच्याकडे सुपरवायझरचं कार्ड लागायचं, बहुतेक दुकानांत लागतंच. मी तीन काउंटर ओलांडून जाईल अशा आवाजात हाक मारली, "सर, दोन आयटम काढायचेत, पैसे कमी पडताहेत!" मागच्या गृहस्थांनी ते ऐकलं आणि तितक्याच मोठ्याने म्हणाले, "राहू द्या हो, मी भरतो सगळं!" रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, मुलाचा हात धरला आणि सगळं सामान तसंच टाकून निघून गेल्या. ते गृहस्थ कार्ड हातात धरून उभे राहिले. त्यांची काही चूक नव्हती. मन मोठं होतं बिचाऱ्यांचं, पण त्याआधी माझा आवाज मोठा झाला होता.

तेव्हापासून मी जे करते ते सांगते, आणि ते शिकायला एक दिवस पुरतो. पैसे कमी आहेत हे शब्द तोंडातून काढायचेच नाहीत. आवाज खाली आणून विचारायचं, "यातलं काय बाजूला ठेवू?" सुपरवायझरला हाक मारायची नाही, हात वर करायचा किंवा काउंटरचा दिवा लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिल होल्डवर टाकायचं. होल्ड म्हणजे ते बिल मशीनमध्ये तसंच जपून राहतं आणि तुम्ही पुढच्याचं बिल करू शकता. त्या माणसाला बाजूला होऊन घरी फोन करता येतो, पाकिटाचा दुसरा कप्पा बघता येतो, किंवा काहीच न बोलता निघून जाता येतं. रांग अडली नाही म्हणजे कुणी त्याच्याकडे बघत नाही.

आणि याच फटीत चांगुलपणाला जागा मिळते. होल्डवर बिल गेलं की मागचा माणूस पुढे येतो, त्याचं सामान स्कॅन होतं, आणि कार्ड पुढे करताना तो हळूच म्हणतो, "पुढच्यांचं बिल माझ्यात धरा." कधी नुसती भुवई उडवून त्या दिशेला इशारा करतो. ज्यांनी हे आधी केलेलं असतं ते ओळखू येतात. ते वर बघत नाहीत, पैसे दिले की पिशव्या उचलून चालू लागतात. आभार मानून घ्यायला थांबत नाहीत, कारण आभार मानायला लावणं हा समोरच्यावर पडणारा दुसरा भार आहे हे त्यांना कुठून तरी कळलेलं असतं. माझा अंदाज असा की त्यांच्यापैकी बरेच जण कधीतरी काउंटरच्या त्या बाजूला, पडद्याकडे बघत उभे होते.

अशा वेळी दोन बिलं वेगळी ठेवा, "माझ्यात धरा" असं ते म्हणाले तरीही. देणाऱ्याला त्याच्या सामानाची पावती, आणि होल्डवरच्या बिलाची रक्कम वेगळी घेऊन त्याची पावती सामान घेणाऱ्याला. उद्या एखादी वस्तू बदलायला यायची झाली तर पावती त्यांच्याकडे हवी ना. एकाच बिलात सगळं घातलं तर पावती देणाऱ्याकडे जाईल आणि वस्तू बदलताना सामान घेणाऱ्याला चार जणांत सगळी कहाणी सांगत बसावं लागेल. सामान घेणाऱ्याला मात्र आधी विचारायचं, एकदाच, हळू: "एक जण हे भरून जायचं म्हणताहेत, चालेल?" नको म्हणाले तर नको. मनधरणी करायची नाही. नाही म्हणता आलं पाहिजे, नाहीतर त्याला देणं म्हणू नये.

तुमच्या स्वतःच्या खिशातून भरायची इच्छा होईल. पहिल्याच आठवड्यात होईल. एक नियम पाळा: तुमचे पैसे आणि गल्ला यांची गाठ पडू द्यायची नाही. सुपरवायझरला सांगा, त्याच्यासमोर पैसे द्या, नाहीतर सहकाऱ्याला ग्राहक म्हणून रीतसर भरायला सांगा. दयेपोटी एखादी वस्तू स्कॅन न करता पिशवीत टाकणं, किंवा स्वतःच्या सवलतीच्या कार्डावर परक्याचं बिल करणं, याला कुठल्याही दुकानात चोरीच म्हणतात, आणि हेतू चांगला होता हे सांगून नोकरी वाचत नाही. माझ्यासमोर दोन चांगल्या मुलांच्या नोकऱ्या अशा गेल्या आहेत. त्यातली एक तर या दुकानातली सगळ्यात प्रेमळ मुलगी होती.

सुट्ट्या पैशांचंही तसंच. काही ग्राहक उरलेली नाणी काउंटरवर ठेवतात, "असू द्या, पुढच्या कुणाला लागतील." ती नाणी गल्ल्यात टाकू नका, बाहेर वाटीत ठेवा. गल्ल्यात तूट आली की विचारपूस होते तशी जास्त भरले तरी होते, हे नव्यांना माहीत नसतं. त्या वाटीने दिवसात किती जणांची अडचण टळते ते मोजायला लागलात तर थक्क व्हाल. माणूस मोठ्या रकमेला अडत नाही, तिथे तो आधीच हिशेब करून आलेला असतो. अडतो तो दोन-तीन नाण्यांना. आणि देणाऱ्याला एवढ्याशा देण्याने काय मिळत असेल, अशी शंका असेल तर एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांचा 2008 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला अभ्यास आहे. त्यातल्या एका प्रयोगात लोकांना सकाळी पाकिटात 5 किंवा 20 डॉलर दिले, आणि काहींना स्वतःवर, काहींना दुसऱ्यावर संध्याकाळी पाचच्या आत खर्च करायला सांगितलं. दुसऱ्यावर खर्च केलेले संध्याकाळी जास्त आनंदात होते, आणि 5 होते की 20 याने फरक पडला नाही. वाटीत नाणी टाकून जाणाऱ्या माणसाचा चेहरा बघितला की हे पटतं.

काही जण आगाऊ रक्कम घेऊन येतात. "आज कुणाला कमी पडले तर यातून घ्या." कल्पना सुंदर, पण रोख रक्कम काउंटरवर घेऊन ठेवू नका, सुपरवायझरकडे पाठवा. दुकानाचं गिफ्ट कार्ड करून घेतलं तर उत्तम, त्यावर शिल्लक दिसते आणि हिशेब राहतो. या प्रकारातलं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे काही दुकानांत हप्त्याने पैसे भरायची एक पद्धत होती: वस्तू तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवायची, तुम्ही थोडे थोडे पैसे भरायचे, आणि पूर्ण फिटले की वस्तू घरी न्यायची. 2011 च्या डिसेंबरात केमार्ट या दुकानसाखळीच्या अनेक दुकानांत अनोळखी माणसं येऊन दुसऱ्यांची अशी खाती फेडून जाऊ लागली, मिशिगनमधून सुरुवात झाली आणि मग बातमी ऐकून बाकीच्या राज्यांतही लोक पुढे आले. पुष्कळांनी मुलांचे कपडे आणि खेळणी असलेली खाती मागून घेतली होती. यात सगळं जुळून आलेलं आहे बघा. वस्तू ज्याने त्याने स्वतः निवडलेली, काही हप्ते स्वतः भरलेले, आणि देणारा-घेणारा समोरासमोर येतच नाहीत. घेणाऱ्याला दुकानातून फोन येतो, एवढंच.

याउलट, प्रत्येकाने आपल्या मागच्याचं बिल भरायचं अशी साखळी कधी कधी सुरू होते आणि तिचं फार कौतुक होतं. मला ती विशेष आवडत नाही. ज्यांना गरज नाही त्यांच्यातच पैसे फिरत राहतात, आणि ज्याची ट्रॉली लहान त्याच्यावर मागच्या भरगच्च ट्रॉलीचं बिल येतं. साखळी तोडणाऱ्याला उगीच अपराधी वाटतं. एकदा एका काकांनी मला विचारलं होतं, "माझं कुणी भरलंय ते ठीक, पण मागच्यांचं मला झेपणार नाही, चालेल ना?" त्यांच्या आवाजातला संकोच अजून आठवतो. मी म्हटलं, चालेल, तुम्ही निघा.

फोन काढून शूटिंग करत दानधर्म करणाऱ्यांबद्दल एका वाक्यात: आमच्याकडे काउंटरवर शूटिंगला परवानगी नाही, हे हसून सांगायचं आणि वाटेल त्यापेक्षा जास्त ठामपणे सांगायचं.

दाराजवळच्या दानपेट्या आणि दानाच्या वस्तू टाकायच्या क्रेट्सबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण मागच्या बाजूला काम केल्यामुळे त्यांचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. सणाच्या दिवसांत वाटेत भांडं मांडून पैसे गोळा करायची कल्पना जुनी आहे. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे कॅप्टन जोसेफ मॅकफी यांनी 1891 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फेरी धक्क्याजवळ, गरिबांना नाताळचं जेवण देता यावं म्हणून, एक भांडं टांगलं. कल्पना त्यांना सुचली ती लिव्हरपूलच्या बंदरावर खलाशी असताना पाहिलेल्या तशाच एका भांड्यावरून. तशी लाल भांडी अमेरिकेत अजून दुकानांच्या दाराशी असतात, आणि 1982 साली शिकागोजवळच्या क्रिस्टल लेकमध्ये एका भांड्यात सोन्याचं नाणं निघालं. तेव्हापासून दरवर्षी कुठे ना कुठे अशी नाणी निघतात, बरीचशी नोटेत गुंडाळलेली, म्हणजे टाकताना शेजारच्यालाही दिसू नये. देणगीसाठी घंटा वाजवत भांड्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला रात्री मोजणी होईपर्यंत पत्ता नसतो.

क्रेट्समध्ये पडणाऱ्या वस्तूंचं तसं नाही. तिथे मनाचा मोठेपणा आणि घरचा पसारा आवरणं यांची सरमिसळ होते. तारीख उलटून गेलेली, उघडलेली, गळकी पाकिटं मी हंगामात पोत्याने बाजूला काढली आहेत. देणाऱ्याने एकच कसोटी लावावी, हे आज मी माझ्या घरी उघडून वापरलं असतं का? टिकणारं द्यावं, उघडायला वेगळं हत्यार लागणार नाही असं द्यावं. साबण, डायपर, सॅनिटरी पॅड हे कुणाला आठवत नाही आणि तेच नेहमी कमी पडतं. पैसे देता आले तर फूड बँकेला, म्हणजे दानात आलेलं अन्न साठवून गरजूंपर्यंत पोहोचवणाऱ्या संस्थेला, पैसेच द्यावेत, कारण त्यांना घाऊकमध्ये मिळतं आणि आज काय संपलंय ते त्यांनाच माहीत असतं. एक तक्रार माझी दरवर्षीची. सणाच्या आठवड्यात क्रेट ओसंडून वाहतं आणि सण सरला की दीड-दोन महिने त्याचा तळ दिसत असतो. गेली काही वर्षं एक आजी बरोबर त्या रिकाम्या दिवसांत येतात, महिन्यातून एकदा, दोन पिशव्या ठेवतात. सणाच्या दिवसांत का नाही आणत, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "तेव्हा तुमच्याकडे जागा कुठे असते?"

फूड बँक ही गोष्टच मुळी किराणा दुकानाच्या मागच्या दारातून निघाली आहे. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल हे गृहस्थ एका अन्नछत्रात मदत करत होते. तिथे त्यांना एक आई भेटली, जी दुकानांमागच्या कचरापेट्यांतून मुलांसाठी खाण्याजोगं वेचून आणत होती. चांगला माल टाकला जातो, तर तो ठेवायला आणि लागेल तसा काढायला बँकेसारखी एक जागा हवी, हा विचार तिच्याशी बोलण्यातून आला, आणि 1967 साली सेंट मेरीज फूड बँक सुरू झाली. पुढे 2016 साली फ्रान्सने कायदाच केला, की 400 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटने न विकलेलं खाण्याजोगं अन्न नासवून टाकायचं नाही, दान करण्यासाठी संस्थांशी करार करायचा. कायदा असो नसो, मागच्या दाराशी एक माणूस लागतोच, जो शिफ्ट संपत आली असताना पाय ओढत तारखा तपासत बसतो. कुठली तारीख सुरक्षिततेची आणि कुठली नुसती चव-दर्जाची हे त्याला कळलं पाहिजे. पहिली उलटली की माल बाद, दुसरी उलटूनही पुष्कळ माल चांगला असतो. आमच्याकडे हे काम करणारा एक दादा होता. सणाच्या आदल्या रात्री सगळे घरी पळायच्या घाईत असताना तो अकरा वाजेपर्यंत खोकी वेगळी करत बसायचा. समोरच्या काउंटरवर काम करणाऱ्या आम्हा निम्म्या लोकांना त्याचं नावही माहीत नव्हतं. मीही मागच्या बाजूला गेले तेव्हाच त्याला ओळखायला लागले.

पैशांशिवायचं जे देणं दिसतं ते बहुतेक वेळेचं असतं. सणाच्या दिवसांत रोज येणारी एकटी माणसं तुम्हाला आठवड्याभरात ओळखू येतील. रोज एकच वस्तू घेतात, मुद्दाम घेतात, म्हणजे उद्या परत यायला कारण राहतं. ज्या काउंटरवर ओळखीचा चेहरा आहे तिथली रांग लांब असली तरी तिथेच उभे राहतात. नेदरलँड्समध्ये जुम्बो या सुपरमार्केटने हे ओळखून 2019 साली व्ल्हेमेन गावच्या दुकानात गप्पांचा काउंटर सुरू केला, जिथे घाई नसलेल्यांनी यावं आणि कॅशियरने निवांत बोलावं. 2021 साली त्यांनी असे काउंटर 200 दुकानांत नेण्याचं जाहीर केलं. तुमच्या दुकानात तसा काउंटर नसेल. पण सामान स्कॅन करायला लागणारी चाळीस सेकंदं तुमच्याकडे आहेतच, त्यात मान खाली घालून बीप बीप करायचं की "काल दिसला नाहीत" असं म्हणायचं, एवढंच ठरवायचं असतं. मागचे ग्राहक यात कधी कधी सुरेख साथ देतात. एक आजोबा पाकिटातून नाणी एकेक काढून मांडत होते, मला रांगेची धास्ती वाटत होती, तर मागची कॉलेजची मुलगी म्हणाली, "आजोबा, सावकाश, मलाही आत उबदार वाटतंय, बाहेर जायची घाई नाही." थंडी वगैरे काही नव्हती हो त्या दिवशी.

याच जातीची आणखी एक गोष्ट, जी कुणी दयेत मोजत नाही. सणाच्या दिवसांत वयस्कर माणूस एकदम खूप सारी गिफ्ट कार्डं घेऊन येतो, फोन कानाला लावलेला, चेहरा भेदरलेला. पलीकडून कुणीतरी सांगत असतं की कार्डांचे नंबर वाचून दाखव, नाहीतर अटक होईल, नाहीतर खातं बंद होईल. ही फसवणूक असते. कुठलीही सरकारी कचेरी वा बँक गिफ्ट कार्डांत पैसे मागत नाही. बिल करू नका, "मशीन अडकलंय, दोन मिनिटं बसा" म्हणा, आणि सुपरवायझरला बोलवा. ते चिडतील, तुम्हाला कामचुकार म्हणतील. म्हणू द्या.

काउंटरच्या आतल्या बाजूचंही थोडं सांगते. सणाच्या दिवशीची शिफ्ट हा दरवर्षीचा वादाचा विषय. पण ज्याचा सण नाही तो ज्याचा आहे त्याची शिफ्ट घेतो, आणि त्याच्या सणाला हा ती फेडतो, हे मी वेगवेगळ्या धर्मांच्या सहकाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं पाहिलं आहे. कुठे लिहिलेलं नसतं, पण कुणी विसरत नाही. एकदा माझ्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा जिच्याशी माझं महिनाभर बोलणं बंद होतं तिनेच येऊन माझ्या नावापुढे स्वतःचं नाव लिहिलं. नंतर पुन्हा आठवडाभर बोलली नाही. ग्राहकांकडून खाऊ येतो, भेटकार्डं येतात. घ्या, पण सुपरवायझरला दाखवून घ्या आणि विश्रांतीच्या खोलीत सगळ्यांत ठेवा, सफाईवाल्या मावशींना आणि गोडाऊनच्या मुलांना ग्राहक कधी भेटत नाहीत.

तर पहिल्या दिवशी जाताना जाड तळव्याचे बूट घाला, पाण्याची बाटली काउंटरखाली ठेवायला चालते का ते विचारा, आणि प्रशिक्षणात मशीन दाखवतील तेव्हा बिल होल्डवर टाकायचं बटण कुठलं आहे ते दोनदा विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी ते घाईघाईत सांगतात किंवा सांगायचं राहूनच जातं. होल्डवरचं बिल परत कसं उघडायचं, तेही विचारा. मी पहिल्यांदा ते बटण वापरलं तेव्हा बिल ठेवता आलं, पण उघडता येईना, आणि दोन माणसं, एक देणारे आणि एक घेणारे, शेजारी शेजारी उभी राहून एकमेकांकडे न बघण्याचा पाच मिनिटं प्रयत्न करत होती.